गोलातल्या चपला

मी ओरडून गाते. हे आधीच सांगितलेलं बरं. बडोद्यातल्या मराठी घरातली गाणारी बाई म्हटलं की लोकांना तंबोरा दिसतो, नेटका पदर दिसतो, आणि मग मी गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून समोर उभी राहिले की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. मला ती तोंडं बघायला अजूनही फार आवडतं. चाळिशी उलटली, गुडघ्याला बांधायचे पट्टे बॅगेत आले, पण स्टेजवर पहिला कॉर्ड वाजवण्याआधी छातीत जी धडधड होते ती एकोणिसाव्या वर्षी होती तेवढीच आहे.

माझ्या वडिलांचे आजोबा संस्थानाच्या फौजेत बिगुल वाजवायचे. मोठा आवाज मला तिकडून आला, असं बाबा म्हणायचे. आईला हे मुळीच पटायचं नाही. गाणं तिच्याकडून आलं आणि फक्त आरडाओरडा सासरकडून, अशी तिची सरळ वाटणी होती.

आई गाणं शिकवते. आमच्या पुढच्या खोलीत गेली कितीतरी वर्षं संध्याकाळी मुली येऊन बसतात आणि आई पेटीवर सूर धरते. तिची शिकवण्याची एक तऱ्हा आहे. ती कधी ‘चुकलं’ म्हणत नाही, ‘छान’ही म्हणत नाही. नुसती उजव्या हाताची तर्जनी वर करते आणि हवेत एक छोटासा गोल काढते. म्हणजे ‘पुन्हा’. ओळ पुन्हा पहिल्यापासून. हा गोल मी सातव्या वर्षापासून पाहिला. बाहेर मुली लंगडी खेळत असायच्या, आणि आत एकाच ओळीवर पंधरा वेळा ते बोट फिरायचं. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या एका मुलीकडून महिनाभरासाठी गिटार आणली, पहिल्यांदा जोरात तारा छेडल्या, आणि माझ्या लक्षात आलं की इथे बोट फिरवणारं कुणी नाही. मला इतका आनंद झाला की मी अक्षरशः उड्या मारल्या.

“बारी बंद कर,” आई आतून ओरडली. आमच्या घरात खिडकीला बारी म्हणतात आणि ‘ना’ला ‘ने’. “आणि ओरडायचंच असेल तर गच्चीवर जा ने!”

मी गच्चीवर गेले, ती जवळजवळ कायमचीच.

पुढची वर्षं भराभर सांगते, कारण ती तशीच गेली. अलकापुरीतल्या एका हॉटेलात मी शनिवारी गायचे. समोर सिझलरचा धूर, त्यामागे कुणाचा तरी वाढदिवस, आणि मी माझं स्वतःचं गाणं सुरू केलं की हमखास कुणीतरी हात वर करून म्हणायचं, “बेन, एक फिल्मी थई जाय!” मी फिल्मी गायचे आणि घरी येऊन उशीवर बुक्क्या मारायचे. मग दोन वर्षं मुंबईला जाऊन धडपडले, जाहिरातींच्या मागे ‘ऊ ऊ’ आणि ‘आ आ’ गायले, आणि एक दिवस तडकून परत आले. आधी इंग्रजीत गाणी लिहायचे, मग हिंदीत. ती रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली, तर हळूहळू बाहेरगावची बोलावणी यायला लागली. पुणे, बंगळूर, पार शिलाँग. शिलाँगला थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांनी माझं गाणं माझ्याबरोबर शब्द न चुकता म्हटलं, तेव्हा मी स्टेजवरच रडले आणि ते घाम म्हणून खपवलं.

या सगळ्या काळात आई माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. भांडण असं नव्हतं. मी निघाले की ती ज्येष्ठमधाचे तुकडे कागदात बांधून माझ्या हातात द्यायची. “घसा सांभाळ,” एवढंच. मीही दरवेळी तेच म्हणायचे, “दार लोटून घे, कडी लावू नको, मी येते.” ‘तू पण चल’ हे म्हणायचा मला धीर व्हायचा नाही. दुनियेनं ऐकलं तरी मला ते पुरत नव्हतं. आईनं एकदा माझं एक गाणं, माझं स्वतःचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती, आणि ती मागायची मला लाज वाटायची.

आमचा बँड मकरपुऱ्यात सराव करतो. माझ्या ड्रमरचा तिथे पत्र्याचं काम करणारा छोटा कारखाना आहे. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मशीनं बंद असतात, मग आम्ही शेडमध्ये वायरी पसरतो. शेजारीपाजारी कुणी तक्रार करत नाही, कारण त्या औद्योगिक वसाहतीत आमच्याहून मोठा आवाज रोजच असतो. ड्रमर गुजराती आहे, दाढीवाला, धिप्पाड आणि मितभाषी. वर्षभर माझ्याबरोबर वाजवतो आणि नवरात्रीचे नऊ दिवस गरब्याला वाजवतो. ते नऊ दिवस तो माझा नसतो, हे आमचं आधीच ठरलेलं.

गरब्याशी माझं जरा वाकडंच होतं. लहानपणी मी आमच्या पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, गरब्यात कोरसमध्ये गायले होते, बाराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. पोळातल्या गरब्यात गाणारे मध्यभागी बसतात आणि लोक त्यांच्याभोवती फिरतात. चपला, पर्सा, बाटल्या सगळं मध्ये ढीग करून ठेवायचं आणि भोवती गोल धरायचा, ही इथली जुनी रीत. मी त्या ढिगाशेजारी बसून गायचे आणि मनात धुमसायचे. आपलं ऐकतं कोण? सगळ्यांचं लक्ष पायांकडे. तेव्हाच ठरवलं होतं की आपण असं गायचं की लोक आपल्याकडे तोंड करून उभे राहतील.

तर त्या शेडमध्ये, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, मी पहिल्यांदा मराठीत गाणं लिहिलं. घरातलंच वाक्य होतं.

दार लोटून घे, कडी लावू नको,
मी येते गं, मी येते.

त्याला मी गिटारवर एक जड, घसटत चालणारी चाल दिली. ड्रमरनं डोळे मिटून ऐकलं, काठ्या उचलल्या आणि खाली असा काही ठेका धरला की टेबलावरचे स्क्रू नाचायला लागले. बेस वाजवणारी मुलगी हसतच सुटली. आम्ही ते गाणं सलग सात वेळा वाजवलं. घरी जाताना मी स्कूटरवर इतकी मोठ्यानं गात होते की सिग्नलला एका काकांनी रिक्षातून डोकं बाहेर काढून पाहिलं. मी त्यांनाही हात केला. माझ्याकडे पहिल्यांदाच एक गाणं होतं जे आईला समजावून सांगावं लागणार नव्हतं.

थंडीत बडोद्यातच, एका मोकळ्या मैदानावर, माझ्या एकटीच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला. संध्याकाळी साडेपाचला. फिल्मी एकही नाही, हे मी आयोजकांकडून तीनदा कबूल करून घेतलं. मग घरी येऊन, भाजी निवडणाऱ्या आईकडे न बघता, मी विचारून टाकलं.

“येशील?”

“खुर्ची असेल?”

“असेल.”

“मग येते.”

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि नाचले.

आई आली. जरीकाठाची साडी, वर शाल, हातात तिची तपकिरी पर्स. मी तिला शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची दिली, म्हणजे आवाज फार झाला तर उठून जाता येईल. पहिली चार गाणी मस्त झाली. लोक उभे होते, माझ्याकडे तोंड करून. मी प्रत्येक गाण्यानंतर त्या खुर्चीकडे बघत होते. आई बसलेली होती, हात मांडीवर, चेहरा परीक्षकाचा.

पाचवं गाणं ‘कडी’. ड्रमरनं ठेका धरला आणि मी तोंड उघडलं. पहिलं कडवं संपता संपता पुढच्या काही मुली वळल्या. मला कळेना काय चाललंय. त्यांनी पायातल्या सँडल काढल्या, पर्सा उतरवल्या, सगळं मैदानाच्या मध्ये टाकलं आणि तीन टाळ्या देत फिरायला लागल्या. त्यांच्यामागे दहा जणी, मग पोरं, मग चष्मेवाले काका. बघता बघता अख्खा गोल. माझ्या रॉकवर गरबा! कुणाची पाठ माझ्याकडे, कुणाचा खांदा. मध्ये चपलांचा ढीग वाढत चाललेला.

तरी मी गात होते. मग मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

आई उठून गेली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझं डोकं लवकर फिरतं आणि त्या क्षणी ते पूर्ण फिरलं. मी गिटारच्या तारांवर हात आपटून आवाज बंद केला. ड्रमर दोन ठोके पुढे गेला आणि थांबला. मी माइकमध्ये म्हटलं, “नवरात्री पती गई, भाई! आ गरबो नथी!” नवरात्र संपली, हा गरबा नाही.

आधी थोडे हसले. मग त्यांना कळलं की मी चिडलेय. माणसं जिथल्या तिथे थांबली, काहींचे हात अजून हवेतच. एकेक करून लोक वाकले, आपापल्या चपला शोधायला लागले, आणि पर्सा खांद्याला लावून पांगले. उरलेली तीन गाणी मी अर्ध्या मैदानासमोर गायले. टाळ्या वाजल्या, पण त्या भिडेखातर वाजल्या होत्या.

खाली उतरले आणि तडक गेटकडे निघाले. आई रिक्षा करून घरी गेली असणार असं मला वाटत होतं. मैदानाच्या मध्यावर कुणीतरी वाकून काहीतरी शोधत होतं. जरीकाठाची साडी, कमरेला खोचलेला पदर, घामानं कपाळाला चिकटलेले केस, आणि अनवाणी पाय.

“आई? तू इथे काय करतेस?”

“चप्पल शोधतेय,” ती म्हणाली. “एक मिळाली. दुसरी त्या गोंधळात कुणी घेऊन गेलं की काय. तू एकदम थांबवलंस ना सगळ्यांना.”

ती खुर्चीतून उठली होती ती फिरायला. माझी आई, जिला मी जन्मात कधी गरब्यात पाय टाकताना पाहिलं नव्हतं, जी दर नवरात्रात कडेला बसून मुलींचे सूर ऐकायची, तिनं माझ्या गाण्यावर चपला काढल्या होत्या. आणि मी माइकमधून ओरडून तिला थांबवलं होतं.

“फिरत्या माणसाला असं मध्येच उभं करतात का गं?” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. रिक्षात ती एक चप्पल पर्सवर ठेवून बसली होती. मी माझे बूट काढून तिला देत होते आणि ती घेत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन मी सगळा राग ड्रमरवर काढला. “गरबा का वाजवलास?”

तो गोंधळला. “बेन, ए तो पहेलेथी हींच ज छे.” हींच म्हणजे गरब्याचा सहा मात्रांचा ठेका. “तमे गीत ज एवुं बनाव्युं. मने एम के तमने खबर छे.”

पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक असणार असंच तो धरून चालला होता. मी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं आणि गिटारचा गोंगाट सोडून नुसतं खाली ऐकलं. सहा मात्रा, स्वच्छ. सहा वर्षं चपलांच्या ढिगाशेजारी बसून जे गायले तेच, फक्त संथ आणि जड करून. गरब्यापासून पळून पळून मी आयुष्यातलं सगळ्यात जवळचं गाणं लिहिलं ते गरब्यातच लिहिलं होतं, आणि बडोद्यातल्या पोरींच्या पायांना जे अर्ध्या मिनिटात कळलं ते मला चार महिने कळलं नव्हतं. मी पत्र्याच्या ढिगावर बसले आणि हसायला लागले. ड्रमरला वाटलं मी रडतेय, म्हणून त्यानं चहा मागवला. मग खरंच थोडं रडले.

त्याच आठवड्यात आईबरोबर खंडेराव मार्केटला गेले. पिशव्या मी उचलल्या. आई पापडी हातात घेऊन एकेक शेंग दाबून बघत होती. भाजीवाली तिच्या ओळखीची, तिनं केम छो विचारलं, आईनं मजामां सांगितलं आणि ओल्या हळदीवरून घासाघीस सुरू केली. त्या गडबडीत मी विचारलं.

“पुन्हा येशील?”

आईनं हळद पिशवीत टाकली. “तुझं ते कडीचं गाणं,” ती म्हणाली, “तू मला म्हणतेस तेच वाक्य आहे ना ते?”

“हो.”

“मग ते पुरं कर ने आधी. अर्धं गाणं मी ऐकत नाही.”

मला आता पुन्हा एकदा तेच मैदान, तीच माणसं हवी होती, पण मैदानवाले मला कशाला बोलावतात? फोन केला तेव्हा ते फार गोड बोलले आणि ‘बघू’ म्हणाले. तेव्हा ड्रमरच म्हणाला, आपल्या शेडसमोर जागा आहे. ट्रक वळवायचं फरसबंदी आवार, आपोआप गोल. सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारला. आम्ही फोनवरून निरोप धाडले, आणि मी त्यात आधी माफी मागितली: त्या दिवशी चूक माझी झाली, पुन्हा या, चपला काढूनच या.

मला वाटलं पंधरा-वीस जण येतील. पावणेचारला फाटकाबाहेर स्कूटर लावायला जागा नव्हती. त्या दिवशीच्या मुली आल्या, चष्मेवाले काका आले, शेजारच्या कारखान्यातली माणसं बायकामुलांसह आली, आईच्या शिकवणीतल्या पोरी दोन रिक्षा भरून आल्या. मी स्टेज बांधलंच नव्हतं. माइक, ड्रम, अँप सगळं आवाराच्या मध्यभागी मांडलं होतं, वायरी चिकटपट्टीनं जमिनीला घट्ट चिकटवून. आयुष्यभर जिथून पळाले तिथेच जाऊन उभी राहिले होते आणि मला इतकं भारी वाटत होतं की काय सांगू!

आई सगळ्यात शेवटी आली. सुती साडी, पदर आधीच खोचलेला. मी तिच्या पायांकडे पाहिलं. त्या दिवसानंतर घेतलेल्या नव्या चपला घरी ठेवून ती जुन्या, अंगठा तुटलेल्या, सेफ्टी पिन लावलेल्या चपला घालून आली होती. या हरवल्या तरी चालणार होत्या. ती चालत सरळ माझ्यापर्यंत आली, ज्येष्ठमधाची पुडी माझ्या हातात कोंबली, चपला काढल्या आणि माझ्या माइकच्या स्टँडशी जोडीनं ठेवल्या. ढिगातली पहिली जोडी तिची.

आम्ही थेट ‘कडी’नंच सुरुवात केली. ठेका पडला आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही. चपला येऊन पडायला लागल्या, गोल धरला गेला, मग त्याच्याबाहेर दुसरा. मी गात होते आणि चेहरे माझ्याभोवती फिरत होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे ऐकत होते. त्यांचे पाय माझ्या शब्दावर पडत होते, माझ्या श्वासाला थांबत होते. लहानपणी मला वाटायचं यांना ऐकायला येत नाही. अरे देवा, ही माणसं तर नखशिखांत ऐकत होती!

आई आतल्या गोलात होती. गुडघ्यामुळे ती गिरकी घेत नव्हती, नुसती चालत होती, पण टाळी समेवर, एकही चुकली नाही. ती समोरून गेली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीलाही नाही. तिसऱ्या फेरीला तिचे ओठ हलताना दिसले. दार लोटून घे, कडी लावू नको.

गाणं साडेचार मिनिटांचं आहे. शेवटचं कडवं आलं, मी ड्रमरला मान हलवून खूण केली आणि आम्ही ठेका हळू करत आणायला लागलो. या वेळी गाणं नीट, पुरं, समेवर ठेवणार होते. मी शेवटची ओळ म्हणत होते, “मी येते गं, मी येते,” आणि आई फिरत फिरत बरोबर माझ्यासमोर आली. तिचा श्वास लागला होता, चेहरा लाल झाला होता. अजूनही तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. नुसती उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि हवेत एक छोटासा गोल काढला.

मी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.